तगरीचा चीक

फुलांचं कौतुक करणारी माणसं नीराबाईला मनापासून आवडत नसत. वाडीच्या दगडी गडग्याशी थांबून "अगो बाय, काय झ्याक!" म्हणणारी बाई पुढच्याच क्षणाला हात घालून कळी खुडते, हा तिचा तीस वर्षांचा अनुभव होता. तिला विचाराल तर फुलझाडं म्हणजे घरातली माणसं. प्रत्येकाची खोड वेगळी, आणि ती ओळखून वागलं तरच नांदणूक होते. जास्वंदीचा तोरा एका दिवसाचा. सकाळी तळहाताएवढी फुललेली, संध्याकाळी ओल्या चिंधीसारखी. अबोलीला वास नाही, पण वेणीत चार दिवस मान टाकत नाही. अनंत पांढरा म्हणून मिरवतो आणि दुसऱ्या दिवशी पिवळा पडतो. कोरांटी ओरखडल्याशिवाय फूल देत नाही. तेरड्याच्या पिकल्या बोंडाला बोट लागायचा अवकाश, फटकन फुटून बी अंगावर उडवतं. आणि गुलबक्षी सगळ्यांत लहरी. एकाच झाडावर तांबडी, पिवळी, ठिपक्यांची. दिवसभर मिटून बसायचं आणि सगळं गाव गुरं बांधायला लागलं की उघडायचं.

तिची वाडी काशीदच्या खाली, खाडीच्या तोंडाशी होती. मुलूख जंजिऱ्याच्या नवाबाचा. पुढे वाळू, मागे डोंगर, मधे नारळी-पोफळी, आणि त्यांच्या सावलीबाहेर जेवढा उन्हाचा तुकडा उरेल तेवढ्यात नीराबाईची झाडं. गावात लग्न निघालं की वेण्या तिच्याकडून, गणपती आले की जास्वंदी तिच्याकडून. आणि वाघजाईला कौल लावायचा असेल तर कळ्यासुद्धा तिच्याच घरातून जायच्या. हा मान तिच्या सासूच्या सासूपासून चालत आलेला.

कौल म्हणजे देवीला प्रश्न. गाय हरवली, मूल आजारी पडलं, सोयरीक करावी की मोडावी, गावाला कळेनासं झालं की वाघजाईच्या पाषाणाला पाणी लावून उजव्या खांद्यावर एक कळी चिकटवायची, डाव्यावर एक, आणि समोर बसून राहायचं. उजवी आधी पडली तर होय, डावी पडली तर नाही. कळ्या तगरीच्या. दोन द्रोण; हळदीचं बोट लावलेल्या द्रोणात उजवीकडची कळी, कुंकवाचं बोट लावलेल्या द्रोणात डावीकडची. रावजी गुरव द्रोण हातात घ्यायचा, गाऱ्हाणं घालायचा, कळ्या लावायचा. त्याच्या एका डोळ्यात केव्हाचं फूल पडलं होतं आणि दुसरा नुसता सोबतीला होता, म्हणून हळद-कुंकवाची खूण त्याला डोळ्यांशी नेऊन पाहावी लागे.

यात एक गोष्ट फक्त नीराबाईच्या घराला ठाऊक होती. तगरीची कळी खुडली की देठाच्या बुडाशी दुधासारखा चीक येतो. तो तसाच राहिला तर कळी दगडाला डिंकाने डकवल्यासारखी बसते आणि दुपार टळली तरी हलत नाही. म्हणून कळ्या द्रोणात ठेवण्याआधी तीन पाण्यांनी धुवायच्या. सासूने तिला पहिल्याच वर्षी बजावलं होतं, "चीक ऱ्हायला तर देवी न्हाय, झाड बोलतं." नीराबाईने सव्वीस वर्षं इमानाने चीक धुतला. पुढे सून आली, केसर, तिलाही तिने हेच शिकवलं. आणि मग एकदा, फक्त एकदा, तिने डाव्या कळीचा चीक धुतला नाही.

त्याचं कारण तिचा मुलगा होता.

धर्मा तिचा एकुलता एक. नवरा लवकर गेला, तेव्हा हा पाच वर्षांचा. फुलांच्या घरात वाढलेला पोरगा, पण त्याचं फुलांशी नातं एवढंच, की संध्याकाळी गुलबक्षीची लांब नळी तोडून तिची पिपाणी वाजवायची आणि आईच्या शिव्या खायच्या. वीस वर्षांचा झाला तसं त्याला मुंबई दिसायला लागली. लग्न करून दिलं, म्हटलं पाय अडकेल. केसर पंधराची होती, हसरी होती, पण पाय काही अडकला नाही. दोन वर्षांनी रेवसहून बोटीत बसला, गोदीत लागला, आणि तिथून एका मोठ्या आगबोटीवर कोळसा लोटायला गेला. एडनहून पत्र आलं. बसऱ्याहून आलं. "मी सुखरूप आहे, काळजी नसावी," असं अंबाजी पाटलाने पडवीत बसून मोठ्याने वाचून दाखवलं. त्यानंतर पत्र नाही, निरोप नाही, माणूस नाही.

आधी दोघी बायका एकमेकींना धीर देत असत. मग एकमेकींसमोर त्याचं नाव काढेनाशा झाल्या. नीराबाई दाराला कडी घालत नसे. आला आणि दार बंद पाहून फिरला तर? वारं आलं की दार आपटायचं आणि दोघी एकदमच मान वर करायच्या. असं चार वर्षं चाललं.

मग केसरला मागणी आली. त्यांच्यात पाट लावायची, म्हणजे बाईचं दुसरं लग्न लावायची, चाल होती, त्यात वावगं काही नव्हतं. पण नवरा मेला की जिवंत हे तर कळायला हवं. अंबाजी पाटील पंचांतला मोठा. त्याने सांगितलं, देवीला विचारा. देवी म्हणाली जिता आहे, तर सून घरात बसेल. नाही म्हणाली, तर मोकळी.

कौलाच्या दिवशी पहाटे नीराबाई तगरीपाशी उभी राहिली, तेव्हा तिच्या मनात एवढंच होतं की ही गेली तर मी कुणाशी बोलू? मुलाचं दुःख होतंच. पण मुलगा नसण्याची सवय झाली होती. केसर नसेल तर चूल कुणासाठी पेटवायची, हे तिला सुचेना. तिने उजवी कळी तीन पाण्यांनी धुतली. डावी नुसती द्रोणात ठेवली. देठाशी पांढरा थेंब होता, तो तिने पाहिला आणि वरून पाकळी सारखी केली.

देवळापर्यंत द्रोण तिला नेववले नाहीत. ते केसरने नेले. पायऱ्यांशी नीराबाई दम खायला बसली. केसर विहिरीवर तांब्या भरून पुढे गेली. रावजीने कळ्या लावल्या, गाऱ्हाणं घातलं. थोड्या वेळाने उजवी कळी खाली पडली. बायकांनी हात जोडले. केसर रडली. "जिता हाय तुजा ल्योक, नीराबाय!" अंबाजी पाटील ओरडला, आणि नीराबाई कुणाकडे न बघता उठून घरी आली.

त्या दिवशी साऱ्या गावाने ऐकलं की धर्मा जिवंत आहे, आणि त्याच दिवशी दिवेलागणीला नीराबाईने दाराला कडी घातली. ही उजवी देवीने पाडलेली नाही, आपण पाडली आहे, हे तिला ठाऊक होतं. देवीला खरं बोलायचं असतं तर ती काय बोलली असती? होय बोलणार असती तर आपल्याला लबाडीची गरज का पडली असती? असा विचार करता करता तिने स्वतःच्या मनाशी मुलाला पुरून टाकलं. गाव तिला म्हणे, भाग्याची आहेस. ती मान हलवी आणि झाडांना पाणी घालायला जाई.

केसर राहिली. पण राहिलेलं माणूस आणि असलेलं माणूस यांत फरक असतो. ती कामाला वाघीण होती, उलट शब्द नव्हता. फक्त बोलणं कमी कमी होत गेलं. दोघी दिवसभर हात-दोन हातांवर काम करत आणि चार वाक्यांत दिवस उरकत. "पानी झालं?" "झालं." "अबोली तोडलीस?" "तोडली." नीराबाईने सोबतीसाठी तिला अडकवून ठेवलं, आणि घरात जी काय सोबत होती तीच आटत गेली. एका छपराखाली दोन एकट्या बायका झाल्या. रोज संध्याकाळी गुलबक्षी उघडली की केसर माजघरातून बाहेर येत नसे. का ते नीराबाईला कळत होतं. पिपाणी वाजवणाऱ्याची ती बायको होती.

मिठाच्या सत्याग्रहाची गडबड झाली त्या वर्षीच्या दिवाळीनंतर सदा तांडेल गावात आला. अंबाजी पाटलाचा लांबचा भाचा. रेवसचा, स्वतःचा मचवा, रेवस ते भाऊचा धक्का उतारू नेई. बायको तापाने गेली होती. तो फुलांसाठी वाडीत आला आणि जाताना केसरला चार कंद देऊन गेला. मुंबईतल्या कुठल्याशा बंगल्याच्या माळ्याने दिले होते म्हणे.

"ह्ये काय, रताळं?" नीराबाई म्हणाली.

"डेलिया म्हंत्यात, मावशे. ह्या एवढं फूल येतं." सदाने दोन्ही हातांनी परातीएवढा आकार करून दाखवला.

"आन वास?"

"वास न्हाय."

"मंग येवढं थोराड व्हऊन करायचं काय?"

यावर केसर हसली. पदर तोंडाशी न नेता, मोकळी. नीराबाईच्या हातातली खुरपी थांबली. हे हसू तिने सात वर्षांत ऐकलं नव्हतं, आणि ते अजून घरात होतं हे तिला माहीतच नव्हतं. तिला एकाएकी स्वतःची इतकी लाज वाटली, की ती तिथून उठून मागच्या अंगणात गेली.

केसरने कंद लावले. उंच वाफा केला, वाळू घातली, काठ्यांचा आधार दिला. पौषात फुलं आली. गर्द जांभळी, पाकळीवर पाकळी मोजून बसवलेली. देवाला चालत नाहीत, वेणीत मावत नाहीत, वास नाही. नीराबाईच्या हिशेबी अगदी बिनकामाची. पण केसर सकाळी उठून आधी तिकडे जाई, आणि तिथे उभी असली की तिचं तोंड वेगळं दिसे. सदा आणखी दोनदा येऊन गेला. दोन्ही वेळा फुलं न घेताच गेला.

तिसऱ्या वेळी अंबाजी पाटील आला.

"नीराबाय, सदाचं म्हननं हाय. पोरगा निर्मळ हाय, दारू न्हाय, काय न्हाय. पन देवीनं मागं उजवी दिलीया. तवा पुन्यांदा कौल लावू. तीन वर्सं झाली, देवीला पुन्ना इचारायला हरकत न्हाय. देवी जिता म्हनली तर ह्यो इषय कायमचा बंद. मंग मी बी कुनाला बोलू देनार न्हाय."

"केसरला इचारलंत?" नीराबाईने विचारलं.

केसर दारात होती. "देवी म्हनंल त्ये," ती म्हणाली आणि आत गेली. जाताना तिने दाराची चौकट क्षणभर धरली. देवी काय म्हणणार याची तिला भीती वाटत होती, आणि कुठल्या उत्तराची भीती हे नीराबाईला तिच्या बोटांवरून कळलं.

कौलाच्या पहाटे नीराबाई पुन्हा तगरीपाशी होती. इमानाने दोन्ही धुवाव्यात, देवी बोलेल ते ऐकावं, असं तिने आदल्या दिवशी ठरवलं होतं. पण उजवी पडली तर? पोरगी चोवीस वर्षांची आहे. मी आज ना उद्या जाईन. मग ही या वाडीत एकटी कडी घालून बसेल, माझ्यासारखी. मागे एकदा मी माझ्यासाठी देवीचं तोंड धरलं. आता एकदा हिच्यासाठी धरते. आणि धर्माबद्दल देवी कधी बोललीच कुठे होती? जिता आहे हे माझंच बोलणं, मेला हेही माझंच. एक खोटं फिटेल.

एवढं मनाशी बोलून तिने डावी कळी तीन पाण्यांनी धुतली, आणि वर आणखी चार पाण्यांनी. उजवी खुडली आणि चीक ओघळू नये म्हणून देठ वर धरून तशीच हळदीच्या द्रोणात ठेवली. आईने मुलासाठी करायचं हे काम नव्हे. ते करताना ती रडली, आणि रडणं आवरून तिने पदराने तोंड पुसलं. द्रोण या वेळी तिने स्वतः नेले, केसरच्या हाती दिले नाहीत.

रावजीने द्रोण डोळ्यांशी नेले. "आई वाघजाई, नीराबाईचा धर्माजी जिता आसंल तर उजवी दे, नसंल तर डावी दे. खऱ्याचं खरं कर, बाय." कळ्या लागल्या. लोक बसले. कुणीतरी खोकलं. पहिलं पाणी ओघळून गेलं तशी डावी कळी सरकली, थबकली आणि टप्पकन खाली आली. उजवी देवीच्या खांद्यावर तशीच राहिली, अगदी घट्ट.

केसरने हंबरडा फोडला. तो खोटा नव्हता. सात वर्षं जो नवरा नुसता नव्हता, तो आता मेला होता. नीराबाईने तिला जवळ घेतलं, आणि कित्येक दिवसांनी दोघी गळ्यात गळा घालून रडल्या. गावाला वाटलं, दोघी एकाच दुःखाने रडत आहेत.

पुढचं सगळं रीतीप्रमाणे झालं. धर्माच्या नावाने दर्भाचा पुतळा केला, केसरच्या चुलत दिराने अग्नी दिला. नीराबाईने वाडी ओरबाडून फुलं आणली. झेंडू, शेवंती, तगर, सदाफुली, होती नव्हती ती. गुलबक्षी दुपारची मिटलेली होती, ती तिने तशीच मिटलेली ठेवली. केसरच्या बांगड्या उतरल्या आणि तीन महिन्यांनी, वैशाखात, पुन्हा भरल्या. पाट लागला. सदाने मचवा खाडीत आणला.

निघायच्या दिवशी नीराबाई केसरला पोचवायला धक्क्यापर्यंत गेली. धक्का म्हणजे चार दगड. तिच्या हातात मडकं होतं. त्यात राखेत घालून ठेवलेले डेलियाचे कंद. पानं सुकल्यावर तिनेच ते उकरून काढले होते.

"पावसात जमिनीत ठेवू नगंस, कुजतील," ती म्हणाली. "दसऱ्यानंतर लाव. रेवसची माती खारी, खाली शेणखत घाल."

"व्हय."

सदा मचव्यात दोर सोडत होता, लांब होता. केसर नव्या हिरव्या लुगड्यात उभी होती. डोळे भरलेले होते, तरी तोंड उजळलं होतं. या पोरीला आपण तीन वर्षं डांबलं, हे नीराबाईला आता गिळवेना. ती पुन्हा भेटेल तेव्हा भेटेल. सांगून टाकावं, शिव्या दिल्या तर खाव्यात.

"केसर, एक सांगते. पोटात ठेव."

"काय गो, आत्ये?"

"तीन वर्सांमागं उजवी पडली, ती देवीनं न्हाय पाडली. मी पाडली. डाव्या कळीचा चीक म्या धुतला न्हवता. तू जाशील म्हून. तवाच गेली असतीस तर आज तुजी पोरं अंगनात खेळली असती."

केसरच्या तोंडावर राग आला नाही. उलट, एखाद्या लहान मुलाची समजूत घालावी तसं ती हसली.

"आत्ये, येवढं मनाला लावून घेतलंस व्हय? अगो, ती कळी मी धुतली व्हती!"

"काय?"

"द्रोण माज्याच हातात व्हते नव्हं? इहिरीवर तांब्या भरताना बघितलं, डाव्या कळीच्या बुडाला ह्यो पांढरा थेंब. म्हटलं, आत्येचं चित्त थाऱ्यावर न्हाय, इसरली. तूच शिकवलेलं, चीक ऱ्हायला तर देवी बोलत न्हाय. मंग दोनी कळ्या धुतल्या मी, तीन पान्यांनी. तुला बोलले न्हाय, म्हटलं तुला वाईट वाटंल." तिने नीराबाईचा हात धरला. "तुज्या हातून काय पाप न्हाय झालं. उजवी देवीनंच दिली व्हती."

खाडीचं पाणी दगडांवर येत जात होतं. नीराबाई उभी होती, पण पायाखाली काय आहे ते तिला कळत नव्हतं. धुतलेली कळी पडली होती. देवी बोलली होती. साऱ्या गावासमोर, खऱ्याचं खरं, तिचा मुलगा जिवंत आहे म्हणून सांगितलं होतं. गावाने ऐकलं, सुनेने ऐकलं. फक्त आईने ऐकलं नाही. आईने घरी जाऊन कडी घातली, आणि तीन वर्षांनी त्याला स्वतःच्या हाताने मारून जाळून टाकलं.

केसर बोलता बोलता थांबली. तिच्याही मनात काहीतरी जुळत होतं. हातातलं मडकं तिने छातीशी धरलं.

"म्हंजे तवा त्ये जिते व्हते," ती हळू म्हणाली. मग आणखी हळू, "आत्ये, आन ह्या येळी? ह्या येळी कळ्या कुनी धुतल्या?"

मचव्यातून सदाची हाक आली. पाणी फिरायला लागलं होतं.

नीराबाईने केसरकडे पाहिलं. नव्या बांगड्या पाहिल्या, मडकं पाहिलं. खरं सांगितलं तर ही इथेच दगडावर बसेल, मचव्यात पाय ठेवणार नाही. बसेल आणि वाट बघेल. पाट लागलेली बाई, पहिल्या नवऱ्याची वाट बघत. तिला दोन्हीकडे जागा उरणार नाही.

"मी धुतल्या," नीराबाई म्हणाली. "दोनी. तीन न्हाय, सात पान्यांनी. तीन वर्सं लय झाली, पोरी. दर्यावरच्या मानसाचं काय, तवा व्हता, आता न्हाय. देवीनं तवा बी खरं सांगितलं, आता बी."

"खरं ना?"

"तुज्या डोक्याची आन." तिने केसरच्या डोक्यावर हात ठेवला आणि तो तिथून काढताना तिला जड गेलं. "जा. भरती ऱ्हानार न्हाय."

केसर वाकून पाया पडली. सदाने हात देऊन तिला वर घेतलं. मचवा वळला, शीड भरलं, आणि हिरवं लुगडं खाडीच्या तोंडापर्यंत दिसत राहिलं. नीराबाईने हात हलवला. मग शीड दिसेनासं झालं तरी ती थोडा वेळ तिथेच उभी राहिली, कारण घरी जायची घाई करावी असं घरी कुणी नव्हतं.

परतताना वाटेवर रावजी गुरव भेटला. "गेली का सून?" त्याने विचारलं. "गेली," ती म्हणाली. "चांगलं झालं हो. देवीनंच मार्ग काढला." ती मान हलवून पुढे गेली. तिला त्याला धरून सांगावंसं वाटलं, रावजीबाबा, माझा धर्मा जिता होता हो, देवीनं सांगितलंय, जिता होता! सात वर्षांतली ही पहिली आनंदाची बातमी, आणि ती सांगायला माणूस नाही. गावाला ती शिळी होती. तीन वर्षांपूर्वीच ऐकून, हात जोडून, विसरलेली. एकटी तीच आज ऐकत होती, आणि नेमका आज तो गावाच्या लेखी राख झालेला.

तिला आनंद झाला होता, हे लपवण्यात अर्थ नाही. तो आनंद छातीत मावेना म्हणून ती वाटेत दोनदा थांबली. आणि त्याच्या पाठोपाठ भीती आली. तो आला तर? आजच्या आज रेवसला उतरला, चालत आला, दारात उभा राहिला आणि म्हणाला, आये, केसर कुठं हाय? तेव्हा काय सांगायचं?

वाडीत आल्यावर ती सवयीने तगरीपाशी गेली. कळ्या भरपूर होत्या. आता विचारता येईल, तिच्या मनात आलं. देवळात नाही, इथेच तुळशीच्या दगडावर. दोन कळ्या, तीन पाण्यांनी धुवून. आता लबाडी कुणासाठी करायची? तिने हात पुढे केला. उजवी पडली तर तिने जिवंत नवऱ्याची बायको दुसऱ्याला देऊन टाकली असं होईल. डावी पडली तर आत्ता मिळालेला मुलगा तासाभरात जाईल. पुढे केलेला हात तसाच धरून ती उभी राहिली. मग तिने हात मागे घेतला आणि झाडाला पाणी घातलं.

डेलियाच्या वाफ्यात नुसती उकरलेली माती होती. तिने काठ्या उपटून भिंतीला लावून ठेवल्या.

ऊन उतरलं तशी गुलबक्षी उघडली. तांबडी, पिवळी, ठिपक्यांची. नीराबाई पायरीवर बसली. मग कुणी बघत नाही ना हे पाहून तिने एक फूल देठासकट काढलं, नळीचं टोक चिमटलं आणि ओठांशी नेऊन फुंकलं. पोराला या पिपाणीसाठी तिने किती शिव्या घातल्या होत्या. आवाज आलाच नाही, नुसती हवा गेली. दुसरं घेतलं, तेही फाटलं. तिसऱ्याला एक बारीक, चिरका सूर निघाला. तेवढ्यानेही शेजारचं कुत्रं भुंकलं, आणि ती घाईने आत गेली.

भात रोजच्यासारखा दोघींचा झाला होता. आपल्यापुरता तिने घेतला. उरलेला वाढून ताटलीत ठेवला, वर दुसरी ताटली झाकली आणि चुलीच्या उबेला सरकवली. मग ती दारापाशी गेली. कडीवर हात ठेवला, आणि बाहेरची वाट थोडी पाहून घेतली. गडग्यापर्यंत वाट रिकामी होती.

तिने दार नुसतं लोटून घेतलं. कडी घातली नाही.